अप्पांच्या बैठकीतला गारवा

त्या मशीनबद्दल आमच्या घराण्यात आजवर जे काही बोललं गेलं, ते सगळं बैठकीत बसलेल्यांनी बोललेलं आहे. पडवीत बसलेल्यांना कुणी विचारलं नाही. मी पडवीत होते. आता वय झालं, गुडघे कुरकुरतात, शाळेतून निवृत्त होऊनही बराच काळ लोटला, पण त्या उन्हाळ्याचा विषय निघाला की अजून माझी कानशिलं तापतात. वयानं राग निवळतो म्हणतात. माझा निवळलेला नाही, आणि त्याची मला खंतही वाटत नाही.

आमचं घर अंबडला, बाजाराकडून कचेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. अप्पा म्हणजे माझे वडील, वकील. गावाकडची जमीन बटाईनं लावून ते तालुक्याला आले आणि इथंच त्यांचा जम बसला. घर त्यांनी स्वतः बांधून घेतलेलं, सिमेंटचं, अरुंद आणि लांबोळकं. रस्त्याला लागून ओटा, ओट्यामागं त्यांची बैठक, आणि बैठकीमागं पडवी. पडवी म्हणजे मुळात मोकळं अंगणच होतं, पण पावसाळ्यात स्वैपाकघरात जाता-येता भिजायला होतं म्हणून अप्पांनी त्यावर पत्रे टाकून घेतले होते. पडवीच्या एका अंगाला स्वैपाकघर, दुसऱ्या अंगाला एक काळोखी खोली. तिला बाळंतिणीची खोली म्हणायचे, एरवी तिच्यात ज्वारीची पोती असायची. दोन्हीकडं शेजाऱ्यांच्या उंच भिंती, मागं मोरी. आईचा सगळा दिवस या पत्र्याखाली जायचा.

भल्या सकाळी तिचं भाकरी थापणं सुरू व्हायचं, त्या आवाजानंच आम्ही बहिणी उठायचो. ज्वारीची भाकरी, आंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, आणि पाहुणे असले की येसराची आमटी. पाहुणे नसायचे असा दिवस विरळा. अप्पांचे पक्षकार खेड्यापाड्यांतून यायचे, कुणी जांबचं, कुणी अंतरवालीकडचं, कुणी अंकुशनगरच्या साखर कारखान्याला ऊस घालून परत जाताना वाकडी वाट करून आलेलं. दुपारी बैठकीतून अप्पांचा आवाज यायचा, "दोन पानं वाढा," आणि दोनाची चार कधी झाली ते कळायचं नाही. विझवलेली चूल आई पुन्हा पेटवायची. त्यात उन्हाळा म्हणजे कुरडया, शेवया, पापड. गव्हाचा चीक शिजवताना तिच्या हनुवटीवरून घाम गळायचा आणि ती तो दंडानं पुसायची, कारण हात चिकाचे असायचे. तरी तोवर पडवीला वारा होता. बैठकीच्या मागच्या भिंतीत एक मोठी खिडकी होती. रस्त्याकडून आलेला वारा बैठकीतून त्या खिडकीवाटे आमच्याकडं यायचा आणि मोरीच्या दारानं निघून जायचा. संध्याकाळी तर चांगला खेळता वारा असायचा.

मशीन बसलं ते नेमकं त्या खिडकीत.

मशीन म्हणजे एसी. आज गल्लीगल्लीत आहेत, पण तेव्हा अंबडात ते बघायला माणसं येत. अप्पांनी औरंगाबादला एका बड्या वकिलाच्या ऑफिसात पाहिलं आणि मनात घेतलं. ट्रंकेएवढं चौकोनी धूड होतं ते, खिडकीत बसणारं. तोंड बैठकीत, पाठ पडवीत. बसवायला औरंगाबादहून सलीमभाई नावाचे मिस्त्री आले होते. त्यांनी पडवीत येऊन वर पत्र्याकडं पाहिलं, दोन्ही भिंतींकडं पाहिलं आणि अप्पांना म्हणाले, "वकीलसाब, याची पाठ खुल्या हवेत पायजे. इथं वरून पत्रा हाय, सगळी गरमी इथंच फिरत ऱ्हाईल. समोरच्या खिडकीत लावू, पाठ रस्त्याकडं."

"समोर ओट्यावर माझे पक्षकार बसतात," अप्पा म्हणाले. "त्यांच्या तोंडावर झळ मारायची का?"

"मंग वर भिंतीत भोक पाडू..."

"मागंच लावा. मागं कोण बसतं?"

आई तेव्हा पडवीत गहू निवडत बसली होती आणि मी तिच्यासमोर. सलीमभाईंनी आमच्याकडं एकदा पाहिलं आणि छिन्नी उचलली. आईनं मान वर केली नाही. सुपातले खडे ती एकेक करून बाजूला टाकत राहिली.

अप्पांना गोष्ट समजावून सांगायची फार हौस, आणि सांगायचेही सुरेख. कोर्टात बसायचो नाही आम्ही, पण बैठकीतलं त्यांचं बोलणं पडवीत सगळं ऐकू यायचं. मशीन सुरू झालं तसा जो येईल त्याला ते त्याची करामत सांगायचे. लिंबाजीराव नावाचे त्यांचे एक जुने पक्षकार होते, मोसंबीची बाग असलेले. त्यांना सांगितलेलं मला जसंच्या तसं आठवतं, कारण मी चहा घेऊन दारात उभी होते.

"लिंबाजीराव, हे मशीन गारवा तयार करत न्हाई बरं का. गारवा अशी चीजच नसती. असती ती उष्णता, कमी न्हाईतर जास्त. तुमच्या विहिरीवरची मोटर पाणी तयार करती का?"

"न्हाई. खालचं वर आणती."

"बराबर. पाणी आपसूक उताराला जातं, चढवायचं तर मोटर लागती. उष्णतेचं तसंच हाय. ती आपसूक गरम जागेतून गार जागेकडं जाती. आपल्याला उलटं करायचंय. या खोलीतली उष्णता काढून बाहेरच्या गरम हवेत ढकलायची. म्हंजे चढावर न्यायची. त्याला हा पंप." मग त्यांनी नळ्यांमधल्या वायूचं सांगितलं. सुई टोचायच्या आधी डॉक्टर स्पिरिट लावतो तेव्हा दंड गार पडतो ना, कारण ते स्पिरिट उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जातं. इथंही तसंच. नळीतला द्रव बैठकीच्या बाजूला उडतो, त्याची वाफ होते, आणि ती होताना खोलीतली उष्णता शोषून घेते. पुढं यंत्र त्या वाफेला दाबतं. सायकलीत हवा भरताना पंप कसा तापतो, तशी ती दाबल्यानं तापते, बाहेरच्या हवेहूनही जास्त. आता ती मागच्या बाजूला आपली उष्णता सोडून देते, पुन्हा तिचा द्रव होतो, आणि फिरून आत येतो. "बस्, हेच चक्र. आतून उचलायचं, बाहेर टाकायचं."

लिंबाजीराव गार हवेत डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "मंग ती गरमी जाती कुठं, अप्पा?"

"बाहेर," अप्पा म्हणाले.

लिंबाजीरावांचं समाधान झालं. त्या 'बाहेर'च्या आत माझी आई बसलेली होती.

पुढं मी जालन्याच्या एका मुलींच्या शाळेत सगळी नोकरी विज्ञान शिकवण्यात घालवली. हीट पंपाचा विषय आला की मी अप्पांचीच उदाहरणं द्यायचे, विहिरीवरची मोटर, स्पिरिट, सायकलचा पंप. त्याहून सोपं मला कधी जमलं नाही. हे श्रेय मी त्यांना देते, आणि माझा रागही इथंच आहे. अडाणी माणसानं न कळता केलं असतं तर मी कधीच विसरून गेले असते. त्यांना सगळं कळत होतं. उष्णता नाहीशी होत नाही, एकाकडून काढली की दुसऱ्याच्या पदरात पडते, हे त्यांनी अर्ध्या तालुक्याला समजावलं. पदर कुणाचा, एवढंच सांगितलं नाही.

मशीन चालू झालं की आधी पडवीतला दिवा मलूल व्हायचा. तालुक्याची वीज ती, तिच्यात जोर कितीसा असणार. स्वैपाकघरातला पंखा एकदम दमल्यासारखा फिरायला लागायचा, त्याची पाती मोजता यायची. मग ती घरघर, आणि जाळीतून लोहाराच्या भात्यासारखा गरम वारा. आम्हाला फक्त बैठकीतली उष्णता मिळत नव्हती. मशीन चालवायला जी वीज लागते तिचीही शेवटी उष्णताच होते, तीही आमच्याकडंच येत होती. म्हणजे बैठकीतून जेवढी काढली त्याहून जास्त पडवीत पडायची. वर पत्रा तापलेला, खाली चूल. आणि पाठीमागची हवा जितकी तापलेली तितकं मशीनला तिच्यात उष्णता टाकणं जड जातं, तो चढ आणखी उभा होतो. त्यामुळं बैठक हवी तशी गार होईना, आणि अप्पा बटण आणखी पुढं फिरवायचे. खाली पाणी ठिबकायचं, त्याखाली आईनं बादली लावली होती. त्या पाण्यानं ती पडवी सारखी पुसून घ्यायची, तेवढाच गारवा. मी एकदा म्हटलं, "आई, अप्पांना सांग की." ती म्हणाली, "त्यांना काय म्हाईत न्हाई का?"

अशात ताई बाळंतपणाला माहेरी आली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण कुसुम, पहिलटकरीण. ऐन चैत्र-वैशाखाचे दिवस. आईनं ज्वारीची पोती हलवून खोली रिकामी केली, झाडून-पुसून खाट टाकली. खोलीचं दार पडवीत उघडायचं, मशीनच्या पाठीच्या बरोबर समोर. दुसरं दार नव्हतं, खिडकी म्हणावी तर वर हातभर झरोका. ताईला मुलगा झाला. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेलाचं मालिश, ओवा-शेपाची धुरी, सगळं रीतीप्रमाणं सुरू झालं. शेजारची एक म्हातारी म्हणाली, खाटेखाली शेगडी ठेवली न्हाई अजून? आई म्हणाली, "यंदा गरज न्हाई. वकीलसाहेबांनी सोय केलीय."

दार उघडं ठेवावं तर मशीनची झळ थेट खाटेवर, लावून घ्यावं तर कोंडून जीव जायची पाळी. ताई दोन्ही करून बघायची. बाळाच्या मानेवर घामोळ्या उठल्या, मग पाठीवर. ते आधी फार रडायचं, मग रडणं कमी झालं, आणि ते बरं वाटलं आम्हाला. एका दुपारी मी खोलीत गेले तर ताई त्याला छातीशी धरून बसली होती आणि ते ओढत नव्हतं. "इमल, बघ गं," ती म्हणाली, "हे डोळे काहून असे करतंय?" मी हात लावला. अंग तव्यासारखं, कोरडं. टाळू खोल गेलेली. मी तशीच अनवाणी धावत चौकातल्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आले.

डॉक्टरीणबाई पडवीत शिरल्या आणि दारातच थबकल्या. त्यांनी मशीनच्या पाठीकडं पाहिलं, खोलीकडं पाहिलं. बाळाला तपासलं, ओल्या फडक्यानं अंग पुसायला लावलं, चमच्यानं ताईचं दूध पाजायला सांगितलं. म्हणाल्या, "याला दुसरं काही झालेलं नाही. हे भाजतंय. या खोलीत आता एक मिनिट ठेवू नका. घरात सगळ्यांत गार जागा कुठली?"

पलीकडून, बैठकीतून, अप्पांचा कुणाशी तरी चाललेला मोठा हसण्याचा आवाज येत होता.

आईनं बाळाला उचललं. ताईला म्हणाली, "ऊठ." बाळंतिणीनं शुद्ध होईपर्यंत पुढच्या घरात जायचं नाही, पुरुषांसमोर तर मुळीच नाही, ही रीत आईनं स्वतःच्या बाळंतपणात पाळलेली होती. तिनं बैठकीचं दार पायानं ढकललं आणि आत गेली. मागं ताई, डोक्याला रुमाल बांधलेली, भिंत धरत धरत. मागं डॉक्टरीणबाई, आणि मी. आत चार-पाच माणसं सतरंजीवर ऐसपैस बसली होती. अंगावर एकदम गार हवा आली आणि मला कळलं की पलीकडं आपण काय सोसत होतो. इतके दिवस दारातच उभं राहायचं, नाहीतर चहा ठेवून लगेच परत फिरायचं, त्यात ते नीट कळलंच नव्हतं.

"हे काय?" अप्पा म्हणाले. "विटाळ फिटला न्हाई अजून. पक्षकार बसलेत इथं."

"बसू द्या," आई म्हणाली, आणि मशीनसमोर थोडं बाजूला, थेट झोत लागणार नाही अशा जागी, सतरंजीवर बाळ ठेवलं. ताईला शेजारी बसवलं. लिंबाजीराव त्यात होते. ते पहिल्यांदा उठले, धोतर सावरत खाली मान घालून ओट्यावर गेले, आणि त्यांच्यामागं बाकीचे. अप्पा तेवढे उभे राहिले. डॉक्टरीणबाईंसमोर त्यांना काही बोलता येईना. संध्याकाळपर्यंत बाळ पुन्हा रडायला लागलं. तो आवाज ऐकून आई भिंतीला टेकून बसली.

इथं गोष्ट संपली असती तर मी अप्पांना माफ केलं असतं. माणूस चुकतो, नातवाकडं बघून शहाणा होतो, असं म्हणून सोडून दिलं असतं. पण दोन दिवसांनी बाळ पिऊ लागलं, नीट झोपू लागलं, तसं अप्पा आईला म्हणाले, "आता बरं झालं ना पोरगं? मंग न्या त्यांला खोलीत. माझी कामं खोळंबलीत." मी न राहवून मधे बोलले. एवढी मोठी हिंमत मी आधी केली नव्हती. म्हटलं, "अप्पा, मशीन समोरच्या खिडकीत लावा ना. सलीमभाई तेच सांगत होते." ते माझ्याकडं असे बघत राहिले की जणू मी परक्या भाषेत बोलले. "एकदा सांगितलं न्हाई का? समोर लोक बसतात." एवढंच. आणि ताईला नि बाळाला पुन्हा त्या खोलीत जावं लागलं. दुपारी मशीन लागलं की आई खोलीच्या दारात ओलं गोणपाट टांगायची आणि ते वाळलं की पुन्हा भिजवायची. दिवसभर तिची ती एकच येरझार.

त्याच आठवड्यात अप्पांना परभणीला लग्नाला जायचं होतं. ते एसटीत बसले, आणि आईनं मला टेलिफोनच्या बूथवर पाठवलं. सलीमभाई दुसऱ्या दिवशी एका जोडीदाराला घेऊन आले. आईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि विचारलं, "भाई, हे मशीन फिरवून बसतं का? तोंड हिकडं, पाठ तिकडं?"

सलीमभाई जरा गोंधळले. "बसतं की. एका अंगानं गरमी घ्यायची, दुसऱ्या अंगानं टाकायची, त्याला काय फरक पडतो? पर वकीलसाब घरी हायत का?"

"न्हाईत."

"त्यांनी सांगितलंय?"

"मी सांगून राह्यले," आई म्हणाली.

तेवढ्यात खोलीतून बाळाचं रडं ऐकू आलं. सलीमभाईंनी दारावरच्या ओल्या गोणपाटाकडं पाहिलं आणि जोडीदाराला म्हणाले, "चल, जल्दी कर." दोघांनी ते धूड चौकटीतून ओढून काढलं, बैठकीत नेऊन फिरवलं, पाठ बैठकीकडं करून पुन्हा आत सारलं, फटी चिंध्या कोंबून बुजवल्या. बटण दाबलं. दिवा मलूल झाला, घरघर सुरू झाली, आणि आमच्या पडवीत, आमच्या पत्र्याखाली, गार हवा आली.

ती दुपार मी कुणालाही द्यायची नाही. ताई बाळाला घेऊन पडवीत चटईवर झोपली, इतकी गाढ की बाळ उठलं तरी ती उठली नाही. शेजारच्या बायका शेवया घेऊन आल्या, आणि काम बाजूला ठेवून नुसत्याच बसल्या. कुणीतरी कुरडईचा चीक वाटीत घालून सगळ्यांना दिला, वर तेल आणि तिखट. आई मशीनसमोर पाटावर बसली, तिच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला, आणि तो तिनं परत घेतला नाही. डोळे मिटून ती तशीच बसून राहिली. तिच्या केसांत मागं एवढी पांढरी बट होती, हे मी त्या दिवशी पाहिलं.

अप्पा दुसऱ्या दिवशी भर दुपारी आले, सोबत लग्नाहून परतणारी चार माणसं. बाहेरून कौतुक ऐकू आलं, "या, या, आत बसू, गार हाय आत." मग दार उघडल्याचा आवाज, मग काहीच नाही. बैठक दोन दिवस बंद होती आणि मशीनची पाठ तिच्यात होती. सतरंजीवर पाणी ठिबकून डाग पडला होता. अप्पा पडवीत आले तेव्हा त्यांचा कोट घामानं अंगाला चिकटला होता. बायका उठून मोरीच्या दारानं पसार झाल्या.

"हे उलटं कुणी बसवलं?"

"मी," आई म्हणाली.

"आत पाय ठेववत न्हाई. भट्टी झालीय नुसती."

"व्हय," आई म्हणाली. "तशीच होती. मला म्हाईतंय."

अप्पांनी कोटाची बटणं सोडली आणि विचारलं, "माझ्यासोबत माणसं आलीत. त्यांला कुठं बसवू?" आई म्हणाली, "ओट्यावर बसवा. तिथं वारा येतो." त्यांनी जाऊन मुख्य बटण खाली ओढलं. मशीन थांबलं, आणि घरात अशी शांतता झाली की बाळाच्या चोखण्याचा आवाज ऐकू येत होता.

पुढं बरेच दिवस ते आईशी बोलले नाहीत. जेवायचं ताट मी न्यायचे. शेवटी सलीमभाईंना पुन्हा बोलावलं गेलं आणि मशीन समोरच्या खिडकीत गेलं, पाठ रस्त्याकडं. ओट्यावरचं बाकडं दुसऱ्या टोकाला सरकवलं. एवढं सोपं होतं ते. अर्ध्या दिवसाचं काम, एक बाकडं सरकवायचं. आणि बैठकीचा गारवा निसटू नये म्हणून मागची ती मोठी खिडकी अप्पांनी विटांनी बुजवून टाकली. म्हणजे पडवीतली भट्टी गेली, पण तिचा वाराही गेला तो गेलाच. ताई बाळाला घेऊन सासरी गेली. पडवीत मशीन लावावं असं कुणाच्या तोंडून कधी निघालं नाही. आम्हाला मिळालं काय, तर न भाजण्याची परवानगी, आणि तीसुद्धा भांडून.

आता आई माझ्याकडं जालन्याला असते. तिच्या खोलीत मी मशीन बसवलंय, त्यात तोंड-पाठ फिरवायची खटपट करावी लागत नाही. आत एक झडप असते, ती वायूची वाट उलटवते. उन्हाळ्यात खोलीतली उष्णता बाहेर, आणि पौषात पहाटे हाडं गारठतात तेव्हा तेच मशीन बाहेरच्या थंड हवेतून उष्णता ओढून आत आणतं. थंड हवेतही उष्णता असतेच, ती चढावर न्यायला थोडी वीज खर्चायची. विजेच्या शेगडीपेक्षा पुष्कळ कमी विजेत काम होतं. हे आईला समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे मी केलं तेच." मशीनचा बाहेरचा, पाठीचा भाग मी गच्चीवर ठेवलाय, तिथं फक्त आभाळ आहे. पण आमच्याच रस्त्यावर नवी इमारत झाली, तिची सगळी मशीनं एका अरुंद बोळाकडं पाठ करून बसवलीत, आणि त्याच बोळात खाली कामाच्या बायका भांडी घासतात. मी बिल्डरला जाऊन विचारलं. तो हसून म्हणाला, "मॅडम, बाहेरच सोडलंय की." मी तिथं त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

अप्पा गेले तेव्हा अंबडला एका मंगल कार्यालयात शोकसभा झाली. वकीलमंडळी, पुढारी, खेड्यापाड्यांतली माणसं, मोठी गर्दी. त्यांच्या हाताखाली तयार झालेले एक वकील बोलायला उभे राहिले. म्हणाले, अप्पासाहेब वरून कडक, पण आतून लोणी. नातू झाला त्या उन्हाळ्यात लेकराला झळ लागू नये म्हणून त्यांनी बैठकीतलं मशीन काढून घेतलं, पक्षकारांसोबत स्वतः घामात बसले, पण नातवाला जपलं. लोकांनी माना हलवल्या. एकानं डोळे पुसले. मी आईकडं पाहिलं. ती पुढच्या रांगेत खुर्चीवर, पांढऱ्या लुगड्यात, हात मांडीवर ठेवून बसली होती.

"ते मी काढाया लावलं," आई म्हणाली.

आवाज काही फार मोठा नव्हता, पण पहिल्या दोन-तीन रांगांत गेला. बोलणारे वकील थांबले. त्यांनी हात जोडले आणि माईकवरूनच मऊ आवाजात म्हणाले, "आजींना भरून आलंय. कुणीतरी पाणी द्या त्यांना." कुणीतरी लगबगीनं पेला आणला. आईनं तो घेतला, प्यायली नाही, वाकून खुर्चीच्या पायाशी ठेवला, आणि तेच वाक्य परत म्हणाली, या वेळी उभी राहून.